चुकांची हजेरी

माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याचा एक हजेरीपट आहे. कुठल्याही वर्गाचा असतो तसाच: डावीकडे क्रमांक, मग नाव, मग एकतीस चौकोन. फक्त त्यात एकाही मुलाचं नाव नाही. पहिल्या क्रमांकावर लिहिलंय, 'कंस उघडून न मिटवणे'. दुसऱ्यावर, 'ओळीच्या शेवटी दोन टिंबं विसरणे'. तिसऱ्यावर, 'एक बरोबर की दोन बरोबर'. चौथा 'शून्याने भागणे', हा विद्यार्थी क्वचित उगवणारा, पण आला की वर्ग बंद पाडणारा. अक्षर सगळं घाडी सरांचं, मैदानावर चुन्याची फक्की मारल्यासारखं सरळ आणि रुंद.

दत्ताराम घाडी आमच्या शाळेत पीटीचे सर होते. परळच्या आमच्या मराठी शाळेत मी मराठी शिकवते आणि ते मैदान शिकवायचे. स्टाफरूममध्ये आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि वीस वर्षांत आमच्यात फार तर हवापाण्याच्या गप्पा झाल्या असतील. खरं सांगायचं तर मला हा माणूस जरा आडदांडच वाटायचा. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर मी कवितेचं रसग्रहण करत असताना खालून 'दाहिने मुड' आलं की अर्धा वर्ग बसल्या जागी उजवीकडे वळायचा.

मग शेजारी टॉवरचं काम निघालं. खोदकामाने आमची कुंपणाची भिंत कलली आणि मैदान पत्रे ठोकून बंद झालं. मैदानाविना पीटी शिक्षक म्हणजे विहिरीविना रहाट. त्यातच पटसंख्या दरवर्षी गळतीवर. लालबाग-करी रोडची आमचीच माजी मुलं आपल्या पोरांना इंग्रजी शाळेत घालतात आणि आम्हाला रस्त्यात भेटून वाकून नमस्कार करतात. पट कमी झाला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात, आणि अतिरिक्त ठरायची पहिली पाळी चित्रकलेची आणि पीटीची असते. संस्थेची दुसरी शाळा वसईच्याही पुढे होती. तिथे सरांची बदली करायचं जवळपास ठरलं होतं.

सरांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आई होती. लालबागच्या चाळीत तळमजल्यावर खोली. मधल्या सुट्टीत हा माणूस ताडताड चालत घरी जायचा, आईला गरम भात वाढायचा, गोळी द्यायचा आणि घंटेच्या आत परत यायचा. पावसात, परीक्षेत, स्नेहसंमेलनाच्या गडबडीत, कधीही त्यात खंड पडला नाही. वसईच्या पुढून मधल्या सुट्टीत लालबागला येता येत नाही, हे सांगायला भूगोलाच्या सरांची गरज नव्हती.

आमच्या मुख्याध्यापिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी युक्ती काढली. कॉम्प्युटरचे सर नोकरी सोडून गेले होते आणि खोलीला कुलूप होतं. "घाडी सर, कॉम्प्युटरचे तास तुम्ही घेता का? वर्षाअखेरीस संस्थेची समिती पाहणीला येईल. त्यांना पटलं तर तुमचे तास इथेच भरतील. नाही पटलं तर माझा नाइलाज."

"मला त्यातलं काही येत नाही," सर म्हणाले.

"मग शिका."

"शिकतो," सर म्हणाले. इतक्या सहज, की जणू कोणी त्यांना खो-खोच्या पंचाचं काम सांगितलंय.

आम्ही स्टाफरूममध्ये खूप हसलो. सगळ्यांत जास्त मी हसले. त्याची शिक्षा मला लगेच मिळाली. शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत मुली थांबणार तर एक बाई हजर हवी असा नियम निघाला, आणि ती बाई मी ठरले. निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन मी कोपऱ्यात बसू लागले. म्हणून हे सगळं मला सांगता येतंय.

पहिल्या दिवशी सरांनी बूट दाराबाहेर काढले, शिट्टी गळ्यातच ठेवली आणि आत येऊन कॉम्प्युटरला हात लावलाच नाही. मुलांना लांबलचक व्हरांड्यात उभं केलं. एका मुलाच्या हातात खडू दिला, दुसऱ्याला म्हणाले, "ह्याला फळ्यापर्यंत ने. फक्त हुकूम द्यायचे. आणि तू रे, हुकुमाबाहेर डोकं चालवायचं नाही." दुसऱ्याने सांगितलं, "जा फळ्याकडे." खडूवाला हलेना. "किती पावलं?" सरांनीच त्याच्या वतीने विचारलं. "सहा पावलं." तो सहा पावलं चालला आणि खांबावर आपटला. पोरांत हशा पिकला. सर मात्र गंभीर. "हसू नका. यंत्र आज्ञाधारक आहे, शहाणं नाही. खांब आहे हे त्याला कोणी सांगितलं?"

तिथेच त्यांनी चुकांचे तीन प्रकार सांगितले. कॉम्प्युटरच्या पुस्तकात त्यांना लांबलचक नावं आहेत. सरांच्या तोंडून ते असे आले: "मी म्हटलं, 'दाहिने फुड'. कोणी हललं नाही, कारण असा हुकूमच नाही. ही पहिली चूक, ही बिचारी लगेच कळते. मी म्हटलं, 'आगे बढ', आणि मध्ये भिंत आली. हुकूम बरोबर, पण वाटेत अडकला. ही दुसरी. आणि तिसरी? मला पाठवायचं होतं तुम्हाला मैदानात, मी बोललो 'बायें मुड', आणि अख्खं पथक शिस्तीत मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये. कोणी अडखळलं नाही, कोणी तक्रार केली नाही. सगळं नीट झालं आणि सगळं चुकलं. ह्या तिसरीला घाबरून राहायचं."

मी वह्या तपासणं थांबवलं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पहिल्या प्रकारची चूक माझ्याही वाट्याला आली. सर म्हणाले, "बाई, नुसत्या बसून काय करता, एक ओळ लिहून बघा." पडद्यावर माझं नाव उमटवायचा साधा हुकूम, प्रिंट. मी वाक्याची सुरुवात म्हणून पहिलं अक्षर मोठं काढलं. यंत्राने लाल ओळ फेकली. मी भडकले. "एवढंसं कळत नाही ह्याला? मोठं काय न् छोटं काय!"

"तुम्ही वेलांटीला अर्धा मार्क कापता तेव्हा पोरांनाही असंच वाटतं," सर म्हणाले आणि हजेरीपट उघडला. "नवा विद्यार्थी. नाव काय घालू?" सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. क्रमांक पाच, 'मोठं अक्षर, छोटं अक्षर', प्रवेश माझ्या हस्ते.

ही हजेरी रोज तासाच्या शेवटी व्हायची. सर एकेका चुकीचं नाव पुकारायचे आणि त्या दिवशी ज्याच्याकडून ती घडली असेल त्याने उभं राहून म्हणायचं, "हजर, सर!" सुरुवातीला मुलं लाजायची. महिनाभरात चढाओढ लागली. एखाद्या दिवशी काहीच चुकलं नाही तर सर अस्वस्थ व्हायचे. "आज सगळे गैरहजर? म्हणजे आपण कालचंच केलं." मी वर्षानुवर्षं लाल पेनाने चुकांना गोल करत आले. त्यांना उभं राहून 'हजर' म्हणू द्यावं, हे मला कधी सुचलं नाही, आणि त्याची मला आजही थोडी लाज वाटते.

सर स्वतः कुठे शिकत होते? घरी, आईच्या खाटेशेजारी, पुतण्याचा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन. एकदा मी आईंना भेटायला गेले होते. त्या मला विचारत होत्या, "ह्या माझ्या झिलाक काय झालाहा गो? एकटोच बडबडता. 'चूक गावली, चूक गावली' म्हणान नाचता. चूक गावल्यार कोणी नाचता?" त्याच खोलीत सरांना शून्याचा धडा सापडला. यादीतली मोजणी शून्यापासून का सुरू होते हे मुलांच्या डोक्यात शिरत नव्हतं. सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "चाळीत पहिला मजला कुठे असतो?" "तळमजल्याच्या वर." "मग तळमजला कितवा?" मुलं बोटं मोजू लागली. "माझी आई शून्यावर राहते. पण पाणी आधी तिच्याकडे येतं." पुन्हा कोणी मोजणीत चुकलं नाही.

बरोबरच्या खुणेने मात्र सगळ्यांना छळलं. एक बरोबरची खूण म्हणजे किंमत देणे, दोन बरोबर म्हणजे दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते विचारणे. सरांचं सूत्र होतं, "एक बरोबर हुकूम, दोन बरोबर प्रश्न." "पाच नंबर, खाली बस, हा हुकूम. पाच नंबर खाली बसलाय का, हा प्रश्न. प्रश्नाच्या जागी हुकूम दिलात तर उभा असलेला पोरगा उगाच बसेल." हे सूत्र ते शाळाभर घेऊन फिरायचे. आमचे शिपाई माने मामा खिडकीपाशी उभे असताना सर एकदा म्हणाले, "मामा, खिडकी बंद." मामांनी शांतपणे मान वळवली. "सर, एक बरोबर की दोन बरोबर?" त्या दिवशी सरांनी मामांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सलाम ठोकला.

आता सानिकाबद्दल सांगायला हवं. चिंचपोकळीच्या चाळीतली, नववीतली, शेवटच्या बाकावरची. ती वाईट नव्हती, हुशार नव्हती, दंगेखोर नव्हती. मी तीन वर्षं तिला शिकवलं, पण तिचा आवाज मला आठवत नव्हता. वर्गात सदतीस मुलं. लेझीमच्या जोड्या लावल्या की ती एकटी उरायची. प्रयोगशाळेत चार-चारचे गट केले की ती उरायची. तिचीही त्याला हरकत नसावी. उरणाऱ्याला लपायला सोपं जातं.

त्या दिवशी सर भागाकाराची एक वेगळी खूण शिकवत होते, टक्क्याच्या चिन्हासारखी दिसणारी. ती भागाकार देत नाही, फक्त बाकी देते. मुलांनी सदतीस आणि दोन घातले. उत्तर आलं एक. कोणीतरी मागून म्हणालं, "सर, म्हणजे सानिका!" वर्ग हसला. सानिका खाली बघू लागली.

सर हसले नाहीत. ते फळ्याजवळ गेले आणि तो 'एक' त्यांनी गोल करून ठेवला. "ही बाकी चूक आहे का?"

"नाय, सर."

"मग उत्तराचा भाग आहे. आणि मैदानावर माझा एक नियम आहे. बाकी कधी घरी पाठवायची नाही, बाकीला काम द्यायचं. जोड्या खेळतात आणि उरलेला पंच होतो. पंचाशिवाय खेळ नाही." त्यांनी सानिकाला पुढे बोलावलं. "आजपासून तू वाचणारी. कोणाचाही प्रोग्राम यंत्रात घालण्याआधी तू तो मोठ्याने वाचायचा. ओळीने. बाकीच्यांनी तसं वागून दाखवायचं. पहिल्यांदा आपण चालायचं, मग यंत्राला चालवायचं."

पहिले आठ दिवस तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोहोचेना. सर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहायचे आणि तिथून हात कानाला लावायचे. दिवाळीनंतर तिचा आवाज तिथवर जाऊ लागला. मी कोपऱ्यात बसून ते बघितलंय. सर त्या दिवशी बाकीबद्दल बोलत होते तेव्हा स्वतःबद्दलही बोलत होते, हे मुलांना ठाऊक नव्हतं. पटाला शिक्षकांनी भागल्यावर जे उरतात त्यांच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यांत वर होतं.

सरांची एक जुनी फजिती शाळेत प्रसिद्ध होती. एका पंधरा ऑगस्टला सरांनी पथकाला 'तेज चल' दिलं, आणि नेमका पाहुण्यांचा हार सापडेना म्हणून मोठ्या बाईंनी त्यांना आत बोलावलं. पथक चालत राहिलं. फाटक उघडं होतं. चोवीस पोरं फाटकातून बाहेर पडून करी रोडच्या पुलाकडे निघाली, मागे टॅक्सीवाले हॉर्न वाजवतायत. नाक्यावरच्या हवालदाराने हात आडवा केला तेव्हा ती जागच्या जागी कदमताल करत राहिली, पण थांबली नाहीत. कारण 'थम' फक्त सरांनी म्हणायचं. सर धावत आले, रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, "पथक, थम!" आणि चोवीस पाय एकदम आपटले. आम्ही ही गोष्ट सरांची टिंगल म्हणून सांगायचो. सर ती वर्गात चक्र, म्हणजे एकच हुकूम पुन्हा पुन्हा चालवणं, शिकवताना स्वतःच सांगायचे, छाती फुगवून. "माझी पोरं थांबली नाहीत, कारण मी सांगितलं नाही. चूक कोणाची? माझी. पोरं शंभर टक्के बरोबर. म्हणून चक्र सुरू करायच्या आधी ते थांबणार कधी, ते लिहा."

आणि तेच सर मार्चमध्ये, समितीसमोर, ह्याच जागी चुकले.

पाहणीसाठी शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या नऊ मुलांनी प्रोग्राम केला होता: रांग लावण्याचा. प्रत्येकाची उंची घालायची, यंत्राने बुटक्यापासून उंचापर्यंत रांग लावायची. नियम सोपा. पुढचा मागच्याहून उंच असेल तर दोघांनी जागा बदलायची. असं करत जायचं, आणि एका पूर्ण फेरीत कोणीच जागा बदलली नाही की थांबायचं. कॉम्प्युटरच्या खोलीच्या चौकटीवर सरांनी रंगाने सेंटीमीटर आखले होते, तिथे नऊ जणांना मापलं होतं. प्रोग्राम पन्नास वेळा चालवला, पन्नास वेळा बरोबर आला.

समितीत संस्थेचे अध्यक्ष होते आणि बाहेरून बोलावलेल्या एक तज्ज्ञ, जेमतेम तिशीच्या बाई, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या. अध्यक्षांनी आल्या आल्या सरांच्या शिट्टीकडे बघितलं आणि मोठ्या बाईंकडे वळून, सरांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "पीटीचा मास्तर कॉम्प्युटर शिकवतो हे पालकांना कसं सांगायचं हो?" मोठ्या बाईंच्या हातातल्या फायलीत बदलीचा कागद तयार होता, फक्त सही व्हायची होती. ते मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत होतं.

मुलांनी प्रोग्राम चालवला. नऊ नावांची रांग क्षणात लागली. अध्यक्षांनी मान डोलावली, पण तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "ह्या नऊ जणांचं उत्तर तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. आता आम्हालाही रांगेत घ्या की."

चौकटीपाशी सगळ्यांची मापं झाली. मी सगळ्यांत बुटकी निघाले, त्याचं मला नवल नाही. अध्यक्ष भरले एकशे सदुसष्ट. सर भरले, एकशे सदुसष्ट. मुलांनी आकडे घातले आणि कळ दाबली.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. प्रत्येक अदलाबदलीची एक ओळ. पहिल्या काही वेगवेगळ्या होत्या. मग त्याच दोन ओळी येत राहिल्या: बदल, अध्यक्ष आणि घाडी सर. बदल, घाडी सर आणि अध्यक्ष. बदल, अध्यक्ष आणि घाडी सर. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. थांबायचं नावच नाही. माउस हातात असलेला मुलगा पांढराफटक पडला. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. मी मनात म्हटलं, संपलं, गेला हा माणूस वसईला.

सरांनी शिट्टी वाजवली. त्या एवढ्याशा खोलीत, पाहुण्यांच्या कानाशी.

"पथक, आनंदाची बातमी!" ते ओरडले. "तिसऱ्या प्रकारची आली! वाचणारी, बाहेर ये!"

सानिका पुढे आली. तिने पडद्याकडे बघितलं, हातातल्या कागदावरचा प्रोग्राम बघितला, मग अध्यक्षांकडे बघितलं. "सर, तुम्ही व्हरांड्यात उभे राहता का? अध्यक्ष साहेब, तुम्ही पण. घाडी सरांच्या पुढे."

अध्यक्ष गोंधळले. आयुष्यात त्यांना कोणी रांगेत उभं केलं नसावं. पण तिचा आवाज आता व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाणारा होता. ते गेले आणि उभे राहिले.

"सावधान!" सानिका म्हणाली, आणि अध्यक्षांनी चक्क टाचा जुळवल्या. मग तिने वाचलं, "पुढचा मागच्याहून उंच असेल किंवा तेवढाच असेल, तर जागा बदला." दोघांनी बदलली. "पुन्हा फेरी. पुढचा मागच्याहून उंच असेल किंवा तेवढाच असेल, तर जागा बदला." पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. सर ताठ, शिस्तीत, वळून मागे, वळून पुढे. अध्यक्षांना घाम फुटला. सहाव्या खेपेला ते भर व्हरांड्यात ओरडले, "अगं, पण सारखे आहोत तर बदलायचं कशाला? अशाने थांबायचं कधी?"

ती नऊच्या नऊ पोरं असा जल्लोष करून उठली की खालच्या मजल्यावरून माने मामा धावत वर आले. "साहेबांनी चूक पकडली!" सानिका नाचत होती. ती नाचू शकते हे मला पहिल्यांदाच कळलं. ती आत धावली, मोठ्याच्या चिन्हाला चिकटलेलं बरोबरचं चिन्ह तिने खोडलं, 'तेवढाच असेल' नाहीसं झालं. कळ दाबली. चौदा जणांची रांग लागली, अध्यक्ष आणि घाडी सर शेजारीशेजारी, आणि यंत्र गपकन थांबलं.

"हे 'तेवढाच असेल' कोणी घातलं होतं?" तज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"मी," सर म्हणाले. "माझी चूक. सवयीने झाली. परेडला दोन पोरं सारख्या उंचीची असली की मी त्यांना रोज आलटून पालटून पुढे घेतो. रोज एकच पुढे कशाला, म्हणून. तेच हातून लिहिलं गेलं. ह्या नवांत कोणीच सारखं नव्हतं, म्हणून सापडली नाही. आज तुमच्यामुळे सापडली." मग त्यांनी हजेरीपट काढला, नवी ओळ घातली, 'सारख्यांची अदलाबदल', स्वतःच उभे राहिले आणि मुलांसमोर, समितीसमोर म्हणाले, "हजर!"

तज्ज्ञ बाईंनी ते पान आपल्याकडे ओढलं. "सर, आमच्याकडे असलं काही झालं की पहिला अर्धा दिवस हे मी केलं नाही म्हणण्यात जातो," त्या म्हणाल्या. अध्यक्ष रुमालाने मान पुसत होते. मोठ्या बाईंनी फाईल पुढे केली, त्यांनी ती हाताने मागे सारली. "तो कागद फाडा," ते म्हणाले. "ह्या माणसाला इथून हलवलात तर ही पोरगी मला पुन्हा रांगेत उभं करेल."

मी त्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, हमसून रडले. वह्यांचा गठ्ठा हातातून खाली पडला तरी मला शुद्ध नव्हती. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, रडताय काय, मधली सुट्टी झाली," आणि ताडताड घरी निघाले. मागून नऊ पोरं कदम मिळवत फाटकापर्यंत गेली. आईंना बातमी सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, "मगे? भात थंड झालो ना माझो."

त्यानंतर सरांनी आणखी दोन वर्षं शिकवलं. नवाचे त्रेचाळीस झाले. टॉवरवाल्यांनी भिंत बांधून दिली, पत्रे निघाले आणि मैदान परत मिळालं. प्रोग्राम आता तिथेच चालायचे, आधी पायांनी.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. भाषणं, शाल, नारळ, सगळं झालं, आणि सर अवघडून बसले होते. शेवटी ते मैदानात उतरले. त्रेचाळीस मुलं रांगेत उभी होती, शेवटाला कॉलेजच्या कपड्यांत सानिकाही. सरांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि शेवटचा हुकूम दिला, "लाईन तोड!"

कोणी हललं नाही.

"लाईन तोड!" सर पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज मैदानावर फाटलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग ते सानिकाकडे गेले. "हुकूम चुकला काय गं?"

"हुकूम बरोबर आहे, सर. वाटेत भिंत पण नाय."

"मग?"

"आम्हीच ऐकत नाय."

सर माझ्याकडे आले, गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली आणि हजेरीपट माझ्या हातात दिला. "बाई, चौथा प्रकार निघाला. ह्याला कुठलं नाव द्यायचं ते तुम्ही बघा. मराठी तुमचं." घड्याळात बघितलं. मधल्या सुट्टीची वेळ झाली होती. ते फाटकाकडे चालू लागले.

रांग तशीच उभी. मी शिट्टी तोंडाशी नेली, पण फुंकर येईना. फाटकाशी पोहोचल्यावर सर वळले, ती त्रेचाळीस पोरं आणि ती एक कॉलेजातली मुलगी अजून सावधानमध्ये उभी बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, चूक सापडल्याचं हसू पसरलं.

"पथक!" ते तिथूनच ओरडले. "कदमताल!"

धप, धप, धप, धप. पत्र्यांआड दोन वर्षं पडून राहिलेलं ते मैदान हादरू लागलं. टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन बघू लागली. सर त्याच तालावर रस्त्याला लागले, ताठ, हात हलवत, आईला भात वाढायला. वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी वाट बघत होते.

'थम' ते म्हणालेच नाहीत.